ला पाझला जाताय? आयमारा थोडी तरी शिका

तुम्ही विचारलंत, पुढच्या वर्षी नवऱ्याच्या नोकरीनिमित्त बोलिव्हियात ला पाझला जायचंय, स्पॅनिशचा क्लास चालू आहे, मग तिथल्या स्थानिक आयमारा भाषेसाठी वेळ काढावा का? जरूर काढा. बँक, शाळा, दवाखाना स्पॅनिशवर निभतं. पण वर, ला पाझला लागूनच असलेल्या एल आल्तो शहरात, 4,000 मीटरच्याही वर, गुरुवारी आणि रविवारी मोठा बाजार भरतो. तिथल्या बायकांचं आपसातलं बोलणं कितीतरी वेळा आयमारात असतं, आणि मला माणसं तिथेच मिळाली.

माझा अनुभव सांगते. आमची मुलगी तेव्हा सहा वर्षांची. घरमालकीण आजी तिच्याकडे बघून म्हणाल्या, "वावाखा हाच'आप्तिवा." वावा म्हणजे मूल, हाच'आ म्हणजे मोठं, एवढं मला येत होतं. मी म्हटलं, "नाही हो आजी, लहानच आहे अजून." त्यांनी हाताला धरून मला दाराशी नेलं. एक तळवा चौकटीवर टेकवला, दुसरा त्याच्यावर चार बोटं, आणि मधल्या जागेकडे मानेनं खूण केली. पोर आलं तेव्हा इथवर होतं, आता इथवर. ती मोठी की लहान, हा विषयच नव्हता.

नुसतं 'मोठं आहे' म्हणायचं तर 'हाच'आवा'. मधे 'प्ता' आला की वाढ झाली. हे आपल्याला जड जाऊ नये, कारण मराठीत 'आव' आहे: रुंदावणे, उंचावणे, मंदावणे. पाच फुटांचा बोळ सहा फुटांचा केला तरी तो रुंदावलाच म्हणतो, मग भले रिक्षा आत शिरू नये! पुढे 'या' जोडलात की 'हाच'आप्तायान्या', म्हणजे वाढवणे. आपलं शिकणे-शिकवणे तसंच. आणखी वाढ सांगायला 'हुक'आम्पी', हळूहळू म्हणायला 'हुक'आत हुक'आत'.

उच्चारात ख, थ, फ आपल्याला आयते येतात. हाच'आमधल्या ' या चिन्हाचा उच्चार मात्र घोटावा लागतो: घसा आवळून अक्षर फटकन सोडायचं. त'आंत'आ म्हणजे पाव, थांथा म्हणजे जुनं, विटकं. पहिल्याच सकाळी बेकरीत लागेल.

उतरल्यावर दोन दिवस मात्र भाषा बाजूला ठेवा. विमानतळच 4,061 मीटरवर आहे. सावकाश चाला, जिने टाळा, भरपूर पाणी प्या.