एनएफएलच्या प्लेऑफमध्ये कोणता संघ कुठवर जाईल, याचा अंदाज नेमका कशावरून बांधायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जानेवारीत ऑफिसात सगळे एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगच्या प्लेऑफचा (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचा) ‘कोण जिंकणार’ असा तक्ता भरतात, तुम्ही प्रत्येक जोडीतला जास्त सामने जिंकलेला संघ निवडलात, आणि दुसऱ्याच वीकेंडला तक्ता निकालात निघाला. मग जाणकार मंडळी कशाकडे बघून ठरवतात?

मी मिनियापोलिसच्या एका उपनगरात राहतो आणि मिनेसोटा व्हायकिंग्जवर माझा जीव आहे. २०२२च्या हंगामापर्यंत मीही तुमच्यासारखे विजयच मोजत होतो. तो हंगाम आधी सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

त्या वर्षी व्हायकिंग्जनी १७पैकी १३ सामने जिंकले. कसे, ते बघा. १३ नोव्हेंबरला बफेलोमध्ये चौथा डाउन, म्हणजे चढाई चालू ठेवायचा शेवटचा प्रयत्न होता आणि १८ यार्ड हवे होते. जस्टिन जेफरसनने उंच उडी मारून एका हाताने चेंडू अक्षरशः ओढून घेतला आणि सामना जादा वेळेत ३३-३० असा आमचा झाला. १७ डिसेंबरला इंडियानापोलिस कोल्ट्सविरुद्ध मध्यंतराला आम्ही ०-३३ असे मागे होतो आणि ३९-३६ने जिंकलो. लीगच्या इतिहासात एवढ्या पिछाडीवरून कोणीच जिंकलं नव्हतं. २४ डिसेंबरला न्यू यॉर्क जायंट्सविरुद्ध ग्रेग जोसेफने शेवटच्या क्षणी तब्बल ६१ यार्डांवरून फील्ड गोल (खांबांमधून किक, तीन गुण) मारला आणि आम्ही २७-२४ने जिंकलो. इथे रस्तोरस्ती जांभळे झेंडे होते.

आणि हरलो ते सामने? ७-२४, ३-४०, २३-३४, १७-४१. जिंकलो तेव्हा केसाच्या अंतराने, हरलो तेव्हा सपाटून. आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने संपलेले ११ सामने होते आणि ते अकराच्या अकरा आम्ही जिंकले होते. सगळ्या हंगामाची बेरीज मांडली तर आम्ही केलेले गुण ४२४ आणि आमच्यावर झालेले ४२७. तेरा विजय मिळवलेला संघ एकूण गुणांत तीनने मागे होता! हा आकडा डिसेंबरभर माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही.

१५ जानेवारी २०२३ला रविवार होता आणि संक्रांतही होती. घरी पाहुणे होते, तिळगुळाची ताटली फिरत होती आणि टीव्हीवर तेच जायंट्स आमच्याच मैदानावर आले होते. त्यांचे विजय फक्त नऊ. आम्ही २४-३१ने हरलो. शेवटी चौथ्या डाउनला आठ यार्ड हवे असताना आमच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या कर्क कझिन्सने, टी. जे. हॉकेन्सनला तीनच यार्डांवर पास दिला आणि तिथेच सगळं संपलं. पाहुणे गेल्यावर मी ती ४२४-४२७ची बेरीज पुन्हा मांडून बसलो.

आता यामागचं गणित. आपण क्रिकेट बघणारे लोक आहोत, नेट रन रेट आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये त्याच जागी गुणफरक असतो, म्हणजे केलेले गुण वजा दिलेले गुण. फरक एवढाच की तिथे तो फक्त बरोबरी सोडवायला ठेवलेला नसून संघाची खरी ताकद दाखवणारा सगळ्यात सोपा आरसा आहे. टचडाउनचे (चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेण्याचे) सहा, त्यावर जास्तीत जास्त दोन, म्हणजे आठ गुणांच्या आतला सामना एका चढाईत बरोबरीत येऊ शकतो. असे सामने पुष्कळदा एका किकवर, पंचांच्या एका निर्णयावर किंवा एका निसटलेल्या चेंडूवर फिरतात. चांगला संघ त्यातले निम्म्याहून थोडे जास्त जिंकेल, पण सगळेच्या सगळे वर्षानुवर्षं कोणी जिंकत नाही. शिवाय हंगाम जेमतेम १७ सामन्यांचा. बेसबॉलमध्ये १६२ सामने असतात, तिथे नशिबाची देणीघेणी फिटायला वेळ मिळतो. इथे ती फिटायच्या आतच जानेवारी उजाडतो.

बेसबॉलच्या आकड्यांचा अभ्यासक बिल जेम्स याने गुणांवरून विजय काढायचं एक सूत्र केलं आणि डॅरिल मोरीने ते फुटबॉलसाठी बसवलं. केलेल्या गुणांचा २.३७वा घात घ्या, दिलेल्या गुणांचाही घ्या, दोन्हींच्या बेरजेने पहिल्याला भागा आणि १७ने गुणा. व्हायकिंग्जसाठी उत्तर येतं साधारण ८.४. म्हणजे तेराची पाटी लावलेला तो साडेआठ विजयांचाही संघ नव्हता.

तर पहिलं काम हे: तक्ता भरायच्या आधी चौदाही संघांचा गुणफरक लिहून काढा. प्रतिस्पर्धी कोण होते, याकडेही नजर टाका. दुबळ्या गटात सहा सामने खेळून फुगवलेला फरक वेगळा आणि तगड्या संघांना हरवून आलेला फरक वेगळा. बुद्धिबळातल्यासारखं एलो मानांकनही काही जण वापरतात. त्यात प्रतिस्पर्ध्याचा हिशेब आपोआप होतो.

पण गुणफरकावर डोळे मिटून विसंबलात तरी फसाल. २०२४चा हंगाम घ्या. डेट्रॉइट लायन्सचा फरक होता अधिक २२२, विजय १५. पहिल्याच प्लेऑफ सामन्यात, तेही घरच्या मैदानावर, वॉशिंग्टनने त्यांना ४५-३१ने हरवलं. कारण तो २२२चा आकडा सप्टेंबरपासूनच्या संघाचा होता. बचावातल्या एडन हचिन्सनचा पाय ऑक्टोबरमध्येच मोडला होता आणि जानेवारीपर्यंत त्यांच्या बचावफळीतले कितीतरी जण जायबंदी यादीत गेले होते. त्या दिवशी त्यांनी पाच वेळा चेंडूही गमावला. उलट उदाहरण २०११च्या जायंट्सचं. नऊ विजय, सात पराभव, ३९४ गुण केले आणि ४०० दिले. उणे सहाचा संघ सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना जिंकला! वाटेत त्यांनी १५-१ असा हंगाम काढलेल्या ग्रीन बे पॅकर्सना त्यांच्याच मैदानावर ३७-२० असं हरवलं. त्यांच्या बचावातले मोठे खेळाडू दुखापतींतून सावरून ऐन वेळी परत आले होते. सरासरीत हे कुठे दिसणार?

म्हणून दुसरं काम: शनिवारी मैदानात नक्की कोण उतरणार ते बघा. संघांना दुखापतींचा अहवाल दर आठवड्याला जाहीर करावाच लागतो. तो वाचायला पाच मिनिटं लागतात, आणि बहुतेक जण तो वाचत नाहीत. सगळ्यात आधी क्वार्टरबॅक, मग त्याच्यापुढची आक्रमणातली पाच जणांची भिंत, मग समोरच्या क्वार्टरबॅकवर धाव घेणारे. जानेवारी २०२३मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्रॉक पर्डीच्या कोपराला पहिल्याच चढाईत दुखापत झाली, त्याच्या जागी आलेल्या जॉश जॉन्सनच्या डोक्याला मार लागला, आणि सुपर बोलच्या आधीचा तो सामना फिलाडेल्फियाने ३१-७ने नेला. त्यात अंदाज लावण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

तरीही राखीव क्वार्टरबॅक आला म्हणून संघाचं नाव खोडून टाकू नका. २०१७च्या डिसेंबरमध्ये फिलाडेल्फियाचा क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ याचा गुडघा गेला. संघाला पहिलं मानांकन होतं, तरी घरच्या मैदानावरही लोक त्यांना कमकुवत बाजू धरत होते. जिंकल्यावर त्यांच्या खेळाडूंनी कुत्र्याचे मुखवटे घातले, कारण इंग्रजीत कमकुवत बाजूच्या नावातच कुत्रा आहे. राखीव निक फोल्सने त्याच संघाला सुपर बोल ४१-३३ने जिंकून दिला. त्याच्यासमोरची भिंत मजबूत होती आणि बचाव भक्कम होता. एक माणूस बदलला म्हणून आक्रमण आणि बचाव मिळून बाकीचे एकवीस वाईट होत नाहीत.

चेंडू गमावण्या-मिळवण्याबद्दल एक सांगतो. हा चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो, विटीसारखा. जमिनीवर पडला की कुठे उडेल ते कोणी सांगू शकत नाही, आणि निसटलेला चेंडू कोणाच्या हाती लागतो हे जवळजवळ नाणेफेकीसारखं असतं. चेंडू हातातून पाडायला लावणं हे कौशल्य आहे, पडलेला उचलायला मिळणं हा योग. ज्या संघाचे विजय अशा उचललेल्या चेंडूंवर उभे आहेत, त्याच्यावर मी तरी फार भरवसा ठेवत नाही.

घरच्या मैदानाचा फायदा पूर्वी सरसकट तीन गुण धरत. आता दोनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी धरतात. २०२०मध्ये प्रेक्षागृहं बहुतांशी ओस होती तेव्हा यजमान संघ १२७ सामने जिंकले आणि १२८ हरले. थंडीची चर्चा खूप होते, मी तिला फार वजन देत नाही.

मानांकन मात्र महत्त्वाचं आहे आणि त्याचं कारण साधं आहे. २०२०पासून दोन्ही कॉन्फरन्समधून, म्हणजे लीगच्या दोन्ही अर्ध्यांतून, सात-सात संघ येतात आणि फक्त पहिल्या मानांकनाला पहिल्या फेरीत विश्रांती मिळते. म्हणजे सुपर बोल जिंकायला त्यांना तीन विजय लागतात, बाकीच्यांना चार. आणखी एक गोष्ट, जी ऑफिसातले तक्ते भरणारे हमखास विसरतात: प्रत्येक फेरीनंतर जोड्या नव्याने लागतात, उरलेल्यांतल्या सर्वांत वरच्याची गाठ सर्वांत खालच्याशी. टेनिससारखा ड्रॉ पक्का नसतो. त्यामुळे सातव्या मानांकनाने दुसऱ्याला हरवलं, तर त्याची पुढची गाठ पहिल्याशीच.

आता सगळ्यात मोठा मुद्दा, जो पटायला मला वेळ लागला. समजा तुमचा आवडता संघ खरोखरच सर्वोत्तम आहे. विश्रांती मिळाली आहे, पहिला सामना जिंकायची शक्यता ७० टक्के, दुसरा ६५, आणि सुपर बोल ५५. तिन्हींचा गुणाकार करा. २५ टक्के येतात. म्हणजे सर्वोत्तम संघसुद्धा चारांतल्या तीन वेळा रिकाम्या हाताने घरी जाईल, आणि त्यात धक्कादायक काही नाही. २०२० ते २०२४ या पाच हंगामांतले विजेते बघा: पाचवं मानांकन, चौथं, पहिलं, तिसरं, दुसरं. पहिला नंबर फक्त एकदा, २०२२च्या कॅन्सस सिटीचा. १९ नोव्हेंबर २०२३ला अहमदाबादेत जे झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. सलग दहा सामने जिंकलेला संघ अकरावा हरला, म्हणून तो दहा सामने वाईट खेळला होता असं कोणी म्हणणार नाही.

इथे मिनेसोटात पन्नाशीच्या पुढचे लोक १९९८च्या संघाबद्दल आजही हळू आवाजात बोलतात. १५ विजय, एक पराभव, गुणफरक अधिक २६०. किकर गॅरी अँडरसनने अख्ख्या हंगामात एकही फील्ड गोल चुकवला नव्हता, ३५पैकी ३५. अटलांटाविरुद्ध दोन मिनिटं उरली असताना सात गुणांची आघाडी होती आणि ३८ यार्डांवरून किक होती. ती डावीकडून बाहेर गेली. जादा वेळेत अटलांटा ३०-२७ने जिंकलं. त्या किकच्या आधी ज्याने ‘व्हायकिंग्ज जिंकणार’ म्हटलं त्याचा अंदाज बरोबरच होता, निकाल तेवढा उलटा लागला. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या, तर तुम्ही ऑफिसातल्या निम्म्या लोकांच्या पुढे जाल.

आता प्रत्यक्ष काय करायचं? आकडेमोड आवडत नसेल तर सट्टेबाजीच्या बाजारातला फरक बघा, म्हणजे अमुक संघ इतक्या गुणांनी वरचढ. मी पैसे लावत नाही आणि तुम्हीही लावू नका, पण त्या एका आकड्यात दुखापती, मैदान आणि फॉर्म सगळं मुरलेलं असतं. तीन गुणांनी वरचढ असलेला संघ साधारण दहात सहा वेळा जिंकतो, सात गुणांनी असलेला दहात सात वेळा. त्यावर स्वतःचं निरीक्षण थोडं चढवा, पाच टक्के इकडे किंवा तिकडे. तुमची निरीक्षणं बाजाराला आधीच ठाऊक असतात, त्याहून जास्त नको. २०२४चं कॅन्सस सिटी १५-२ असूनही फक्त अधिक ५९वर होतं, फिलाडेल्फिया अधिक १६०वर. सुपर बोलमध्ये मी फिलाडेल्फियाकडे किंचित झुकलो होतो, ५५ टक्के. कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स समोर असताना त्याहून वर जायची माझी हिंमत झाली नाही. फिलाडेल्फिया ४०-२२ने जिंकलं.

माझा मुलगा आणि मी त्या संक्रांतीनंतर एक वही केली आहे. प्रत्येक प्लेऑफ सामन्याआधी दोघं आपापले टक्के लिहितो, एकमेकांना न दाखवता. सामना संपला की उत्तर किती चुकलं त्याचा वर्ग करतो. ७० टक्के म्हणालो आणि संघ जिंकला तर ०.३चा वर्ग, हरला तर ०.७चा. फेब्रुवारीत बेरीज ज्याची कमी तो जिंकला. या पद्धतीत ९५ टक्के लिहून चुकलं की फार महागात पडतं, त्यामुळे हात आपोआप आवरतो. तुमच्या ऑफिसातल्या लोकांना पुढच्या वर्षी तक्त्याऐवजी हे सुचवून बघा. आणि तक्ताच भरायचा असेल तर पहिल्या फेरीत एखाद-दुसरा कमी मानांकनाचा, पण चांगल्या गुणफरकाचा आणि धडधाकट क्वार्टरबॅकचा संघ निवडा. विजेता म्हणून मात्र दोन्ही पहिल्या मानांकनांपैकी ज्याची दुखापतींची यादी लहान आहे तो घ्या.