अ‍ॅपवर हवा ‘मध्यम’, मग आईला धाप का लागते?

ताई, मुंबईत तुमच्या भागाचा हवा गुणवत्ता निर्देशांक (एक्यूआय) १४० आहे, शेरा ‘मध्यम’ आहे, शेजारी बांधकाम चालू आहे आणि दम्याच्या आईला सकाळी धाप लागते. मग सरकारी आकडा खोटा का, असं तुम्ही विचारलंत. आकडा खोटा नाही. ‘मध्यम’ हा शब्द फसवा आहे.

निर्देशांक ही सगळ्या प्रदूषकांची सरासरी नसते. प्रत्येकाचा उपनिर्देशांक वेगळा काढतात आणि त्यातला सगळ्यात मोठा तोच जाहीर होतो. तो १४० पीएम २.५ मुळे, म्हणजे अतिसूक्ष्म धूलिकणांमुळे आला असेल, तर हवेत ते घनमीटरला साधारण ७२ मायक्रोग्रॅम असतात. आपल्या देशाची २४ तासांची मर्यादा आहे ६०. म्हणजे मर्यादा ओलांडली की मगच ‘मध्यम’ सुरू होतं! जागतिक आरोग्य संघटना तर २०२१ पासून १५ सांगते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तक्त्यातही ‘मध्यम’समोर दमेकरी, हृदयरोगी, मुलं आणि वृद्धांना त्रास होऊ शकतो, असं लिहिलेलं आहे. अ‍ॅपवर आपण नुसता रंग बघतो.

शिवाय धूलिकणांचा हा हिशोब २४ तासांचा असतो. थंडीत पहाटे वारा पडतो, धूळ-धूर जमिनीलगत साचतो, दुपारी समुद्राकडून वारा आला की विरतो. सकाळचा चढ सरासरीत बुजून जातो. म्हणून जवळच्या हवा मोजणाऱ्या केंद्राचा तासागणिक आलेख उघडा.

तो आलेख स्वयंचलित केंद्रांचाच मिळेल. तिथे यंत्र हवा ओढतं, कण फितीवर बसतात आणि त्यांतून बीटा किरण किती अडले यावरून वजन कळतं. दुसरी केंद्रं हाताने चालवायची. ते काम मी बरीच वर्षं केलंय. कोरडा करून तोललेला गाळणकागद यंत्रात बसवायचा, २४ तासांनी काढून पुन्हा तोलायचा. आठवड्यातून दोनदा, वर्षाला १०४ दिवस. पांढराशुभ्र कागद काळपट होऊन परत यायचा, तेव्हा पोटात गोळा यायचा. ही नोंद वर्षावर्षांची तुलना करायला उत्तम, पण उद्या सकाळी आईनं फिरायला जावं का, हे ती सांगू शकत नाही.

आता तुमच्या शेजारच्या बांधकामाबद्दल. केंद्राचं हवा ओढणारं तोंड मुद्दाम ३ ते १० मीटर उंचीवर, धुराड्यांपासून लांब ठेवतात, कारण ते अख्ख्या भागासाठी असतं. तुमच्या खिडकीतली धूळ त्यात दिसेलच असं नाही. ऑक्टोबर २०२३ च्या महापालिकेच्या नियमावलीत बांधकामाभोवती पत्रे, हिरवं कापड आणि पाण्याची फवारणी सक्तीची आहे. यातलं काही नसेल तर फोटो, तारीख आणि वेळेसह विभाग कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

आईंचं फिरणं तूर्त दुपारनंतर ठेवा. धाप किती वाजता लागते ते आठवडाभर वहीत लिहा, शेजारी त्या तासाचा पीएम २.५ लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. पंपाची मात्रा आणि वेळ तेच ठरवतील.