तीन राजधान्या आणि कापलेला एक गुण

प्रश्न : माझा नातू सहावीत आहे. शाळेच्या प्रश्नमंजूषेत त्याने दक्षिण आफ्रिकेची राजधानी केप टाउन लिहिली. बाईंनी काट मारून वर 'प्रिटोरिया' लिहिलं. गुण गेला म्हणून पोरगं कालपासून फुरंगटून बसलंय. चुकलं कोण?
– एक आजी, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, आधी त्याला जेवायला वाढा. तो चुकलेला नाही. तशा बाईही नाहीत; प्रश्नच अर्धवट होता.

त्या देशाला राजधान्याच तीन. राष्ट्राध्यक्ष आणि मंत्रालयं प्रिटोरियात, संसद केप टाउनला आणि न्यायदानाच्या नावाने ब्लूमफाँटेन. त्यातही गंमत अशी, की घटनेचा शेवटचा निवाडा करणारं न्यायालय बसतं जोहान्सबर्गला! 1910 साली चार वसाहती एक झाल्या तेव्हा राजधानीचा हट्ट कोणी सोडेना. मग तिघांनी ती वाटून घेतली. चौथ्या वसाहतीच्या, म्हणजे नाताळच्या, वाट्याला राजधानी आलीच नाही, तिथल्या पीटरमारित्झबर्गची पैसे देऊन समजूत काढली. (हे नाताळ आणि आपला पंचवीस डिसेंबरचा नाताळ, शब्द एकच, पोर्तुगीजांचा.)

इंदूरकरांना खरं तर हे नवं नाही. 1948 मध्ये मध्यभारत राज्य झालं. राजप्रमुख ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे, उपराजप्रमुख आपले यशवंतराव होळकर. मग राजधानी एकीकडेच कशी राहणार? हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. माझे वडील सचिवालयात कारकून होते. फायलींच्या पेट्या हलल्या की आमच्याही ट्रंका हलायच्या. लोणच्याची बरणी आई कुणाच्या हातात देत नसे, गाडीत मांडीवर घेऊन बसायची. उन्हाळ्यात माळव्यात यायचं हे समजू शकते. पण ग्वाल्हेरच्या त्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत सरकारने मुद्दाम तिथे जाऊन का बसावं, ते मला अजून कळलेलं नाही.

1 नोव्हेंबर 1956 ला राजधानी भोपाळला गेली आणि आमच्या ट्रंका माळ्यावर. वाटणी मात्र सुटली नाही. उच्च न्यायालय जबलपूरला, महसूल मंडळ ग्वाल्हेरला, लोकसेवा आयोग आपल्या इंदुरात. उद्या कोणी 'मध्य प्रदेशाची न्यायाची राजधानी' विचारली, तर नातवाने जबलपूर लिहावं की नाही?

बोलिव्हियाचंही तसंच : घटनेत सुक्रे, पण सरकार ला पाझला. नेदरलँड्समध्ये राजधानी ॲमस्टरडॅम, मात्र संसद, मंत्रालयं, सर्वोच्च न्यायालय सगळं हेगला.

शाळेत भांडायला जाऊ नका. नातवाला वहीत तिन्ही नावं, कुठे काय चालतं त्यासकट लिहायला लावा आणि वही बाईंना दाखवायला सांगा. गुण मिळाला तर कळवा. नाहीच मिळाला, तर त्याला घेऊन माझ्याकडे या, 1955 चा नकाशा आहे माझ्याकडे. त्यात भोपाळ शोधायला त्याला मजा येईल.