अष्टमीच्या सकाळी पुळणीवर जाऊ नका

*ताई, मी ६१ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. गुहागरला आम्ही दोघंच असतो, मुलगा डोंबिवलीला. दोनदा पहाटे सहाला पुळणीवर फिरायला सुरुवात केली, दोन्ही वेळा पंधरा दिवसांत सुटलं. वाटेत सगळे विचारतात, 'कुठे निघालात बाई?' मिस्टर म्हणतात, 'आता काय ऑलिम्पिकला जायचंय?' यंदा गौरीच्या रात्री मुलींनी फुगडीला ओढलं, तर मी 'नको गं' म्हणून बसून राहिले. खाली बसले होते ती उठतानाही खांब धरावा लागला. बीपीची गोळी चालू आहे, बाकी तक्रार नाही. पण उत्साहच टिकत नाही. तो आणायचा कुठून?*

बाई, उत्साहाची वाट बघत बसू नका. इतकी वर्षं घंटेच्या आधी शाळेत हजर राहिलात, ते काय रोज उत्साहानं? जायचंच असायचं, म्हणून गेलात.

आणि तुमचं फिरणं सुटलं त्यात आळसापेक्षा भरतीचा हात जास्त दिसतो मला. तुम्ही वेळ ठरवली सहाची, समुद्राची वेळ मात्र रोज पाऊण तासाच्या वर पुढे सरकते. आपल्याकडचे खलाशी तिथीच्या पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला समुद्र भरलेला. (तास-अर्धा तास इकडे तिकडे धरा.) तेव्हा ओली, घट्ट वाळू पाण्याखाली असते आणि तुम्ही वरच्या भुसभुशीत वाळूत पाय ओढत चालता. पोटऱ्या भरून येतात, गुडघा कुरकुरतो, चार दिवसांनी अंथरूण सुटत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास त्याच वेळी ओहोटी असते, तेव्हा जा. बाकीचे दिवस रस्ता धरा, खालचा पाट वस्तीतून व्याडेश्वराच्या देवळापर्यंत. कालनिर्णय भिंतीवर आहेच. पुळण समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे एकाच अंगावर भार येतो. ज्या वाटेनं गेलात त्याच वाटेनं परत या, म्हणजे दोन्ही पायांची फिटंफाट होते.

'कुठे निघालात' हा आपल्या गावांतला खरा त्रास. नुसतं चालायला निघालेलं माणूस कोकणात कुणाला पटत नाही. हातात पिशवी घ्या. दूध, फुलं, देवदर्शन, काहीही. पिशवीवाल्या बाईला कुणी थांबवत नाही.

पण नुसत्या चालण्यानं तुमची फुगडी परत यायची नाही, हे स्पष्ट सांगते. खांब धरावा लागला तो मांड्यांतली ताकद कमी झाली म्हणून. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटतात, साठीनंतर जास्त वेगानं, आणि चालताना मांड्यांना फारसं ओझं पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं थोडा दम लागेल असं चालणं किंवा तशी हालचाल सांगितली, त्याच्या जोडीला किमान दोन दिवस ताकदीचा व्यायामही सांगितला. तो दुसरा भाग आपण सगळेच सोयीस्कर विसरतो. पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळायचा व्यायामही त्यात आहे. तुम्ही तो आतापासूनच धरा, कारण फुगडीत निम्मं काम तोलाचंच असतं.

पडवीतल्या खुर्चीत बसा, हात छातीवर घ्या आणि हात न टेकता उठा. दहा वेळा. उठण्यापेक्षा बसताना सावकाश बसा, खरी मेहनत तिथे आहे. हे जड वाटेनासं झालं की बुटकं स्टूल घ्या, मग चौरंग, मग जमीन. घाई नको, एकेका पायरीला महिना गेला तरी जाऊ दे. त्याच पडवीत खांबाजवळ एका पायावर उभ्या राहा, हात खांबाजवळ असू दे पण धरू नका. पावसाळ्यात शेवाळलेल्या पाखाडीवर घसरून हाड मोडून घेण्यापेक्षा सगळं पडवीतच करा.

या वयात काय ताकद येणार, असं मिस्टर म्हणतीलच. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. नऊ जण टिकले, आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत बरं का! तुम्ही तर त्यांच्यापुढे सूनबाई. मिस्टरांशी वाद घालू नका, त्यांनाच एकदा खाली बसवून हात न टेकता उठायला सांगा.

खाण्याचं एकच. स्नायूला प्रथिनं लागतात, आणि आपण दुपारी भाताचा डोंगर करून शेजारी बोटभर आमटी घेतो. ते उलटं करा. मासे आहेत तोवर मासे, जून-जुलैच्या बंदीत कुळथाची पिठी, डाळ, अंडी. सुक्या मासळीवर मात्र बीपीमुळे हात आखडता ठेवा, मीठ फार असतं.

खाडा होणारच. पाहुणे येतील, आंब्याचे दिवस येतील, ताप येईल. खाडा भरून काढायला दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका, फक्त पुन्हा खुर्चीत बसा आणि उठा.

सुरुवातीला मांड्या दोन-तीन दिवस दुखतील, त्याला घाबरायचं कारण नाही. गुडघा सुजला किंवा चालताना अचानक दगा देऊ लागला तर डॉक्टरांना दाखवा. छातीत दाटून आलं, चक्कर आली तर तिथेच थांबा आणि लगेच दवाखाना गाठा. गौरी अजून बऱ्याच लांब आहेत, पण प्रत्यक्ष फुगडी घालण्याआधी श्रावणात एकदा बीपी मोजून घ्या आणि पहिली फेरी हळू घालणाऱ्या एखाद्या जावेबरोबर घाला. त्या पोरी गरगर फिरवून सोडतात.