ग्रुपवरची मंडळी पहिल्यांदा जेवायला भेटताना

अगं,

तुझा मेसेज वाचला. बाल्कनीतल्या झाडांच्या ग्रुपवरचे पाच-सहा जण येत्या रविवारी पुण्यात जेवायला भेटताय आणि तुझं आत्तापासूनच जाऊ की नको चाललंय. जा. दोन वर्षं ज्यांच्याशी झाडांवरच्या मिलीबग किडीवर रात्री-रात्री डोकं लावलंस त्यांची तोंडं तरी बघून ये.

जागा मात्र नीट ठरवा. कोणीतरी कॅफे सुचवेल, पण तिथे काय मागवायचं यातच अर्धा तास जातो, एक जण नुसती कॉफी घेतो, दुसरा पिझ्झा, आणि मग बिलाचा घोळ. मला विचारशील तर थाळी. टिळक रोडवर दुर्वांकुर आहेच. रविवारी दुपारी बाहेर नंबर लावून थांबावं लागतं आणि तेच बरं असतं, कारण पहिली दहा मिनिटं सगळेच अवघडलेले असतात, ती फूटपाथवर उभ्याउभ्या "जास्वंदीवाले तुम्हीच का" करण्यात निघून जातात. आत बसलात की वाढपी बोलायला विषय पुरवतो. कोणालाच काही बोलायला सुचेनासं झालं की नेमका भाजीचा नाहीतर कढीचा आग्रह येतो, सगळे एकदम "नको नको" म्हणतात आणि हसू फुटतं. फक्त जेवण झाल्यावर टेबल अडवून बसू नका, बाहेर लोक ताटकळलेले असतात. गप्पा मारायला सारसबाग जवळच आहे.

आता माणसांचं. ग्रुपवर जो सगळ्यात जास्त टाइप करतो तो समोर अगदी गप्प निघू शकतो. त्याला "काय हो, ग्रुपवर तर किती बोलता" असं चारचौघांत अजिबात म्हणू नकोस, आणखी मिटतो बिचारा. त्याच्या झाडांचं विचार, दहा मिनिटांनी तोच थांबायचा नाही. आणि डीपीला गुलाब लावलेला, ज्याला तू बिनधास्त अरे-तुरे करतेस, तो साठीचा काका निघाला तर? सरळ "अहो" वर ये, तेच म्हणाले "अगं तूच म्हण" तर बघू. ग्रुपवर जशी धमाल उत्तरं देतेस तशी तिथे द्यायलाच हवीत असंही काही नाही. तिथे खोडून परत लिहायला मिळत नाही, सगळ्यांचंच तसं असतं, मग कशाला टेन्शन.

पैशाचं आधीच ग्रुपवर बोलून टाका, टीटीएमएम, एकाने भरायचे आणि बाकीच्यांनी तिथल्या तिथे जीपे करायचे. एखादे काका "मी देतो सगळ्यांचं" म्हणून हट्टाला पेटतातच (पुण्यातसुद्धा असे असतात, हसू नकोस), त्यांना नंतरचं पान देऊ द्या. फोटो काढाल तेव्हा ग्रुपवर टाकू का हे प्रत्येकाला विचारा, काही जणी मुद्दाम स्वतःचा चेहरा कुठेच टाकत नाहीत.

एक गोष्ट जरा दरडावून सांगते. आपापलं जायचं, आपापलं यायचं. घरी सांगून जा, आईला लाइव्ह लोकेशन पाठव, त्यात लाजायचं काय? शनिवारी रात्री एकेकाचं "सॉरी जमत नाही" सुरू झालं आणि शेवटी तू आणि कधीच न पाहिलेला एकच माणूस उरलात तर सरळ "मग पुढच्या महिन्यात सगळेच भेटू" असं लिहून मोकळी हो. ओळख छान झाली, माणूस भला वाटला, तरी "चल माझी टेरेस गार्डन दाखवतो" ला पहिल्याच दिवशी हो म्हणायचं नाही, टेरेस कुठे पळून जात नाही. आणि नाहीच रमलीस तर ताक पिऊन "निघते, काम आहे" म्हण, कारण सांगत बसायची गरज नाही.

रमलीस तर जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला सगळे मिळून जा, तुमच्यासारख्यांना तिथे दिवस पुरायचा नाही.

टिळक रोडला रविवारी गाडी लावायला जागा शोधत फिरशील, त्यापेक्षा पिंपरीहून मेट्रोने स्वारगेटला उतर. तुझ्या ब्रह्मकमळाची पानं नेणार असशील तर आदल्या दिवशीच काप आणि पेपरात गुंडाळ, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नकोस, कापलेला भाग ओला राहिला की कुजतो.

संध्याकाळी फोन कर.

तुझी
मावशी