लहान मुलांना नोटेशनऐवजी चित्रं काढायला देऊन चाली रचायला शिकवता येतं का?

येतं. तुम्ही लिहिलंय की मुलगी सहा वर्षांची आहे, तुम्हाला स्वतःला गाणं येत नाही आणि रंगीत खुणांचा तयार तक्ता पुण्यात कुठे मिळेल ते हवंय. अप्पा बळवंत चौकात शोधलात तर काहीतरी मिळेलही, पण घेऊ नका. खुणा मुलीलाच ठरवू द्या आणि तिने काढलेला कागद दुसऱ्या कुणाकडून तरी वाजवून घ्या. खरी गोम या दुसऱ्या कामात आहे.

मी कोथरूडला घरीच लहान मुलांचा वर्ग घेते. चित्र काढायला मुलं एका पायावर तयार असतात. पाऊस म्हटला की टिंबं, गडगडाट म्हटला की जाड काळी रेघ. इथवर ती चित्रकलाच असते. कागद शेजारच्या मुलाच्या हातात गेला की गंमत सुरू होते. एकीने पावसाची टिंबं काढली होती. दुसऱ्याने ती चमच्याने स्टीलच्या ताटावर बडवली. रचनाकार बाई भडकल्या, “अरे, हा पत्र्यावरचा नाहीये, छत्रीवरचा पाऊस आहे!” मग छत्रीसाठी पोकळ टिंबं ठरली, ताट गेलं आणि उशीवर बोटं वाजू लागली. मनातलं आणि वाजलेलं जुळत नाही हे तिला कानाने कळलं, म्हणून तिने खूणही बदलली आणि वाद्यही. सहा वर्षांच्या मुलीकडून मला एवढीच रचना हवी असते. तुमच्याकडे दुसरं मूल नसेल तर आजोबांना बसवा. आजोबा मुद्दाम चुकीचं वाजवायला तयार असतील तर फारच उत्तम.

आवाज चढा असेल तर खूण वर काढायची, हे मुलांना आपोआप सुचतं असं आपण धरून चालतो. तसं नाही. पेटीवर खर्ज डावीकडे असतो, आणि सतारीवर चढ्या स्वरांकडे जाताना हात खाली भोपळ्याकडे सरकतो. मुलं पुष्कळदा जाड आवाजाला मोठा गोळा काढतात आणि बारीक आवाजाला छोटा ठिपका. मोठं पातेलं जाडच वाजतं, तेव्हा त्यांचं काही चुकत नाही. खाली-वरचं नंतर येईल, घाई करू नका.

सगळ्यात अवघड काढायला काय, तर काहीच न वाजणं. मूल कागदावर मोकळी जागा सोडतं आणि वाजवणारा विचारतो, “इथे किती वेळ थांबू?” या प्रश्नाची वाट बघा. तो आला की एक पाठकोरा कागद घ्या आणि आडवा तीनदा मधोमध दुमडून उघडा. आठ खण पडतात. प्रत्येक खणाला एक टाळी, रिकाम्या खणाला हवेत हात. झाला केरवा, आणि ताल शिकवतोय असं सांगावंही लागलं नाही. दादऱ्याला सहा खण लागतात, म्हणजे एकदा मधोमध घडी आणि मग त्याचे तीन भाग. हे तीन भाग मुलांना सारखे जमत नाहीत, तिथे मदत करा. ज्यांना खण नको असतात त्यांच्यावर लादू मात्र नका. जीन बॅम्बर्गर या अमेरिकन अभ्यासक बाईंनी मुलांना टाळ्यांचे ठेके कागदावर उतरवायला सांगितले होते. काही मुलांनी हाताच्या हालचालींप्रमाणे टाळ्यांचे पुंजके काढले, काहींनी दोन टाळ्यांमधला वेळ मोजला. बाईंनी दोन्ही प्रकारांना समज म्हणूनच मान दिला. मोठ्यांना फक्त दुसरा बरोबर वाटतो.

पुण्यात आपल्याला एक आयती सोय आहे. गणपतीच्या आधी पथकांचा सराव सुरू झाला की ढोल-ताशा मुलांच्या कानात ठाण मांडून बसतो (आपल्याही, इलाज नाही). थापेला काळा गोळा, टिपरूला उभी रेघ, ताशाला बारीक ठिपक्यांची रांग. हे वाचायला कुणाला शिकवावं लागत नाही. एका कागदावर ढोल आणि दुसऱ्यावर ताशा काढून ते एकाखाली एक ठेवले की दोन आवाज एकाच वेळी चालू असतात हेही डोळ्यांना दिसतं.

स्वरांकडे सावकाश वळा. खेळण्यातलं धातूच्या पट्ट्यांचं वाद्य मिळालं तर त्यातल्या म आणि नी काढून ठेवा. सा, रे, ग, प, ध एवढेच उरले, म्हणजे भूप रागाचे स्वर. कसंही फिरलं तरी कानाला फारसं बोचत नाही. कार्ल ऑर्फ या जर्मन संगीतकाराच्या, मुलांना संगीत शिकवायच्या पद्धतीतही पट्ट्या अशाच काढता येतात आणि पाच स्वरांपासून सुरुवात होते.

आणि स्वर लिहायची भातखंडे लिपी? पुढे संगीताच्या परीक्षांना बसवायचं असेल तर ती लागू शकते, पण स्वतःच्या खुणांवरून भांडून झालेल्या मुलांना ती पटकन कळते. माझ्या वर्गात याचा हुकमी खेळ आहे. भातखंड्यांच्या पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक. पलुस्करांच्या पद्धतीत तेच डोक्यावरचं टिंब म्हणजे मंद्र, आणि तार सप्तकाला उभी रेघ. एकच कागद दोन्ही पद्धतींनी गाऊन दाखवला की मुलं हसून लोळतात. एवढ्या थोर माणसांचंही एका टिंबावरून जुळलं नाही म्हटल्यावर आपली पोकळ टिंबं त्यांना मुळीच पोरकट वाटत नाहीत.

इंटरनेटवर लिगेती या हंगेरियन संगीतकाराच्या संगीताबरोबर सरकणारं एक रंगीबेरंगी चित्र फिरतं, ते तुम्हीही पाहिलं असेल. मुलीला जरूर दाखवा, पण त्यावरून वाजवलं जातं असं समजू नका. ते इलेक्ट्रॉनिक संगीत 1958 चं आहे. रायनर वेहिंगरने ते चित्र 1970 मध्ये काढलं, संगीत ऐकून, ऐकणाऱ्यांसाठी. उलटा खेळ म्हणून ते छान आहे. आधी काहीतरी वाजवायचं आणि मग त्याचं चित्र काढायचं.

गूगलच्या क्रोम म्युझिक लॅब या संकेतस्थळावरचे चौकटी रंगवून संगीत करायचे प्रकारही चांगले आहेत, फुकट आहेत. माझी तक्रार एवढीच की संगणक निमूटपणे वाजवतो. “इथे किती वेळ थांबू?” असं तो कधी विचारत नाही. म्हणून मी ते वर्गात उशिरा काढते.

फोनवर रेकॉर्ड करावंसं तुम्हाला वाटणारच. करा, पण कागद पुरा होईपर्यंत मुलीला ऐकवू नका, कारण वाजलेलं फोनमध्ये आहे हे एकदा कळलं की लिहायचे कष्ट कोण घेईल? आणि कागदावर तारीख तिच्याच हाताने घालायला सांगा. आठवड्याने तोच कागद पुढे ठेवा आणि तिलाच वाचायला लावा. स्वतःच्याच खुणा लागल्या नाहीत की ती आपणहून कोपऱ्यात लिहायला लागते, गोळा म्हणजे काय आणि रेघ म्हणजे काय. तुम्ही विकत घ्यायला निघाला होतात तो तक्ता हाच.