गृहप्रकल्पात सार्वजनिक कला आणि जागेचा साहित्यिक वारसा कसा आणावा?

तुमच्या प्लॉटवर पूर्वी एक कवी राहायचे, त्यांच्या ओळी आणि एखादं शिल्प लावायचंय, सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय. आर्किटेक्टच्या ड्रॉइंगपासून करा, आणि त्या मीटिंगला मार्केटिंगवाल्यांना बोलावू नका. काम अजून जोत्याच्या वर गेलेलं नाही म्हणता, म्हणजे वेळ गेलेली नाही.

मी अक्षरलेखनाची कामं करतो. एका बिल्डरने मला बोलावलं तेव्हा टॉवर उभा होता, पझेशनची तारीख जाहीर झाली होती आणि रस्त्याकडच्या कंपाउंड वॉलवर कविता हवी होती. मापं घ्यायला गेलो, तर तिसरी ओळ येणार नेमकी तिथे आग विझवायच्या हायड्रंटची लाल पेटी. ती झाकता येत नाही आणि झाकूही नये. साइटवरच्या साहेबांनी तोडगा काढला, ‘तिसरी ओळ गाळा ना, अर्थ तर लागतोयच.’ मी म्हटलं, मग तिसरा मजलाही गाळा, बिल्डिंग तर उभी राहतेयच. शेवटी अक्षरांचा आकार कमी करून कविता पेटीच्या डावीकडे कोंबली.

खरं वाजलं ते पुढे. मी म्हणत होतो दगडात कोरा. त्यांना लेझरने कापलेली स्टीलची अक्षरं हवी होती, मागून दिवे सोडलेली. अहो, देवनागरीत शब्द शिरोरेषेने बांधलेला असतो, तो चार-सहा पिनांवर नीट बसतो. अनुस्वार मात्र सुटा, एका पिनेवर आणि चिकटवण्याच्या भरवशावर. आधी एक नमुना करून बघू म्हटलं, तर ‘वेळ नाही’. पहिल्याच पावसाळ्यात ठिपके गळायला लागले. ‘गंध’चा ‘गध’ झाला आणि सोसायटीतल्या पोरांनी खडूने पुढे काना काढून शब्द पुरा केला! मला फोन आला, की ‘तुमची अक्षरं पडली’. माझी?

कोरीव अक्षराला पडायला काही नसतं. इंग्रजी व्हीसारखी खाच घेतली, तर तिच्यातल्या सावलीवर अक्षर वाचता येतं, रंगही भरावा लागत नाही. खर्च जास्त येतो, हो. पण तो एकदाच येतो.

दुसरं, भिंत रस्त्याकडचीच घ्या. क्लबहाउसमधली कविता म्हणजे सार्वजनिक कला नव्हे, ते इंटिरियर. नेदरलँड्समधल्या लेडन शहरात १९९२ पासून घरांच्या बाहेरच्या भिंतींवर कविता रंगवल्या गेल्या, शंभराहून अधिक. पहिली रशियन कवयित्री मारिना त्स्वेतायेवांची, तीही रशियन लिपीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती वाचता येईल का, म्हणून कुणी ती बदलली नाही. आपल्याकडे मात्र ‘जरा पॉझिटिव्ह ओळी निवडा’ म्हणतात.

पैशांचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराने १९५९ मध्येच पुनर्विकासात बांधकाम खर्चाचा १ टक्का कलेसाठी ठेवण्याची अट घातली. तुम्हीही टक्का आधीच बाजूला काढा. शेवटी उरलं तर बघू म्हणणाऱ्याकडे काही उरत नाही.

परवानगी लेखी घ्या. भारतात कवीच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे वारस शोधावे लागतील. शिवाय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे कलाकृतीची मोडतोड करून कर्त्याच्या लौकिकाला बाधा आणली, तर वारसही दाद मागू शकतात. (तिसरी ओळ गाळायला निघालेल्या साहेबांनी हे जरूर वाचावं.) न्यूयॉर्कमध्ये ‘फाइव्ह पॉइंट्झ’ या भित्तिचित्रांसाठी गाजलेल्या इमारतीच्या मालकाने २०१३ मध्ये तिथली ग्राफिटी रातोरात पांढऱ्या रंगाने पुसली. पुढे २०१८ मध्ये कोर्टाने २१ कलाकारांना ६७.५ लाख डॉलर द्यायला लावले. तो कायदा तिकडचा, पण तुमच्या वकिलाच्या कानावर असू द्या.

शिल्पाबद्दल मी बोलत नाही, तो माझा प्रांत नाही. आणि हे सगळं नव्या भिंतीबद्दल. कवींचं मूळ घर अजून उभं असेल तर प्रश्नच वेगळा. त्यातलं काय राखता येईल हे पाडकामाआधी ठरवा, नंतर पाट्या लावण्यात अर्थ नाही. भिंतीची देखभाल मात्र सोसायटीला हस्तांतर करतानाच्या कागदात लिहून घ्या, नाहीतर पुढच्या रंगकामात पेंटर कोरलेल्या अक्षरांवरूनही पुट्टी फिरवून जाईल.